धर्मग्राम मोडला म्हणून चर्च पाडायचे?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अ‍ॅव्हेन्यू बी आणि पूर्वेचा आठवा रस्ता जिथे मिळतात तिथे, टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेकडे तोंड करून, सेंट ब्रिजिडचे चर्च उभे आहे. 2001 मध्ये त्याची मागची, म्हणजे पूर्वेची भिंत बाकीच्या इमारतीपासून सुटत चालली आहे असे लक्षात आले आणि चर्चला कुलूप लागले. मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, शेजारच्या शाळेत होऊ लागली. 2004 मध्ये धर्मग्रामच, म्हणजे या चर्चला जोडलेल्या श्रद्धावंतांची संस्थाच, विसर्जित झाला. 2006 च्या जुलैअखेर पाडकामवाले आले, रंगीत काचांच्या खिडक्या फुटल्या, भिंतीला भगदाड पडले आणि न्यायालयाच्या आदेशाने काम तिथेच थांबले. 2008 च्या मे महिन्यात नाव जाहीर न करणाऱ्या एका देणगीदाराने 2 कोटी डॉलर देऊ केले. 2013 च्या जानेवारीत तेच चर्च पुन्हा उघडले.

शेवट गोड झाला म्हणून ही कहाणी चमत्कार म्हणून सांगितली जाते. खरे तर ती एका चुकीच्या पद्धतीची कहाणी आहे. माणसांच्या संस्थेचे काय आणि इमारतीचे काय, हे दोन स्वतंत्र निर्णय एकमेकांत कालवले गेले आणि ते सोडवायला अखेर कुणाच्या तरी खिशातले 2 कोटी लागले. असा देणगीदार दर चर्चला भेटत नाही.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. पॅरिश, म्हणजे वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात तो, माणसांचा असतो: ठरलेल्या हद्दीतले किंवा ठरलेल्या भाषेचे श्रद्धावंत, त्यांच्यावर नेमलेला धर्मगुरू, त्यांच्या नोंदवह्या, त्यांचा पैसा. चर्च ही वास्तू. चर्चच्या कायद्यात, कॅनन लॉमध्ये, ही दोन कलमे आहेत. धर्मग्राम उभा करणे, मोडणे, त्यात बदल करणे हे कलम 515 खाली येते. बिशपांनी धर्मगुरूंच्या परिषदेचे म्हणणे ऐकून घ्यायचे, मग निर्णय त्यांचा. वास्तूचा उपासनेसाठी वापर कायमचा थांबवायचा तर कलम 1222 लागते आणि तिथली अट बरीच कडक आहे. एक तर वास्तू उपासनेला निकामी झालेली आणि दुरुस्तीपलीकडे गेलेली असावी, नाहीतर दुसरे कोणते तरी गंभीर कारण असावे. ते कारण असले तरी परिषदेचे मत घ्यायचे, ज्यांचा कायदेशीर हक्क आहे त्यांची संमती घ्यायची, आणि श्रद्धावंतांच्या आत्मिक हिताला धक्का लागत नाही हे पाहायचे. जमीन किंवा इमारत विकायची तर 1291 ते 1294 ही आणखी निराळी कलमे. तीन प्रश्न, तीन वाटा.

2013 च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक खात्याने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘गंभीर कारण’ कशाला म्हणायचे नाही याची यादीच तिथे आहे. चर्चेस कमी करण्याचा धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा, सर्वसाधारण आराखडा हे कारण नाही. धर्मग्रामाला आता ही वास्तू लागत नाही, हे कारण नाही. धर्मग्राम विसर्जित झाला आहे, हेही कारण नाही. पुढे कधीतरी अडचण येईल अशी भीती, हे तर मुळीच नाही. सेंट ब्रिजिडच्या वेळी हे शब्द कागदावर असते तर वाद निदान नीट मांडता आला असता.

आता ही वास्तू काय होती ते पाहू. पायाभरणी 1848 ची, आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाच्या ऐन काळातली. त्या दुष्काळातून निसटलेले लोक बोटींतून न्यूयॉर्कला उतरत होते आणि ईस्ट नदीकाठच्या गोद्यांत कामाला लागत होते. आराखडा पॅट्रिक कीलीचा. तो स्वतः आयर्लंडमधल्या टिपरेरीतून आलेला, आणि पुढे आयुष्यभर त्याने शेकडो चर्चेस आखली. सेंट ब्रिजिड हे त्यातल्या सुरुवातीच्यांपैकी. छत आतून उलट्या जहाजासारखे दिसते आणि छताच्या आधारांवर कोरलेले चेहरे जहाजे बांधणाऱ्या कारागिरांचे आहेत असे सांगतात. सांगतात, एवढेच, चेहरे मात्र आहेत. समोरचे दोन मनोरे 1960 च्या दशकात उतरवले गेले. वस्ती बदलत गेली, आयरिश गेले, पोर्तो रिकोचे लोक आले, मिस्सा स्पॅनिशमध्ये होऊ लागली. 1988 मध्ये समोरच्या बागेत बेघर लोकांवरून पोलीस आणि रहिवासी यांची मोठी चकमक झाली, तेव्हा हे चर्च बेघरांच्या बाजूने उभे होते. म्हणजे 2001 मध्ये कुलूप लागले तेव्हा ते ओस पडलेले चर्च नव्हते. गरीब लोकांचे होते, एवढेच.

या लेखाला मुख्य आक्षेप घ्यायचा आहे तो भिंतीच्या हिशेबावर. जुन्या दगड-विटांच्या चर्चमध्ये भिंत सुटते ती सहसा दोन कारणांनी. एक पाणी. छताचे पन्हाळे कबुतरांच्या घाणीने आणि पानांनी तुंबतात, पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरते, छताच्या कैचीचे टोक जिथे भिंतीवर टेकते तिथे लाकूड कुजते, कैची पसरते आणि भिंतीला बाहेर ढकलू लागते. दुसरे कारण पाया. नदीकाठच्या भरावाच्या किंवा दलदलीच्या जमिनीवर इमारतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचतो आणि तडा वरच्या बाजूला रुंद होत जातो. कुठले कारण आहे ते एका भेटीत कळत नाही. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवायची, तारीख लिहायची आणि तड्याची रुंदी दर महिन्याला, पुरे एक वर्ष मोजायची. उन्हाळा-हिवाळ्यात भिंत थोडी श्वास घेते, मिलिमीटरच्या अंशाने तडा उघडतो-मिटतो. त्याला भिण्याचे कारण नाही. मोजमाप एकाच दिशेने वाढत राहिले तर भिंत खरेच सरकते आहे. कारण पाया असला तरीही उपाय आहे. जुन्या पायाखाली एकेक मीटरच्या खड्ड्यांत नवे काँक्रीट भरायचे, शेजारशेजारचे खड्डे कधीही एकदम खणायचे नाहीत, आणि काँक्रीट जमले की जुन्या पायाखालची दोन-तीन इंचांची फट घट्ट, कोरड्या मसाल्याने ठासून भरायची. ही शेवटची पायरी घाईत टाळली की भिंत वर्षभरात पुन्हा बसते आणि मग सगळे म्हणतात, बघा, हिला दुरुस्ती लागूच पडत नाही.

सेंट ब्रिजिडच्या बाबतीत दुरुस्तीचा अंदाज महाधर्मप्रांताचा, म्हणजे आर्चबिशपांच्या कारभाराचा, वेगळा आणि सभासदांच्या बाजूच्या अभियंत्यांचा वेगळा होता, आणि दोन्हींत अंतर प्रचंड होते. एवढे अंतर पडते तेव्हा कुणी खोटे बोलतो आहे असे लगेच समजू नये. बहुतेकदा दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. धोका काढून टाकण्याचा खर्च एक, पुढच्या पाच वर्षांत करावयाच्या कामांचा दुसरा, आणि चर्च पहिल्यासारखे देखणे करण्याचा तिसरा. बंद करायच्या बाजूने तिघांची बेरीज सांगितली जाते आणि वाचवायच्या बाजूने फक्त पहिला आकडा. म्हणून अहवाल तटस्थ अभियंत्याचा हवा आणि तीन रकाने वेगळे हवेत. सभासदांना भिंतीत हात घालू द्या असे कुणी म्हणत नाही. मोजमापे आणि रकाने चर्चच्या दारावर लावा, एवढेच.

बंद ठेवण्यानेही इमारत मरते, आणि हे मुद्दाम घडवता येते. न्यूयॉर्कच्या थंडीत उष्णता बंद केली की नळातले पाणी गोठून नळ फुटतात, चुन्याचा गिलावा दमट होऊन सुटतो, ऑर्गनच्या भात्यांचे चामडे कडक होते. तीन-चार हिवाळे असे काढले की ‘दुरुस्तीपलीकडे गेले’ हे वाक्य खरेच होऊन बसते. बंद चर्च जपणे स्वस्त असते: नळ उपसून कोरडे करणे, वर्षातून दोनदा पन्हाळे साफ करणे, हवा खेळती राहील अशा जाळ्या बसवणे, आणि महिन्यातून एकदा पावसात आत जाऊन छत पाहणे. हो, पावसातच. कोरड्या दिवशी गळती दिसत नाही. आपल्याकडे थंडीऐवजी मान्सून हे काम करतो, आणि चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा फासणारा कंत्राटदार त्याला मदत करतो. ओल आत कोंडली जाते.

दुसऱ्या बाजूला वजन नाही असे मात्र नाही. धर्मगुरू कमी झाले, रविवारची उपस्थिती घटली. पैसा दगडांवर घालायचा की शाळेवर, हा प्रश्न खोटा नाही. बॉस्टनमध्ये 2004 च्या मे महिन्यात आर्चबिशप शॉन ओमॅली यांनी 357 पैकी 65 धर्मग्राम बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांमुळे महाधर्मप्रांताची तिजोरी आणि पत दोन्ही खालावली होती. न्यूयॉर्कमध्ये 2014 च्या अखेरीस 112 धर्मग्राम एकत्र करून 55 करण्याचा निर्णय आला. वस्ती उपनगरांत सरकली आणि एका चौकात तीन चर्चेस उरली, एक आयरिशांचे, एक जर्मनांचे, एक पोलिशांचे, तर धर्मग्राम एकत्र करणे शहाणपणाचेच आहे. सेंट ब्रिजिड उघडले तेव्हा ते शेजारच्या सेंट एमेरिक धर्मग्रामाशी जोडूनच उघडले आणि सेंट एमेरिकची वास्तू बंद झाली. माणसांची फेरमांडणी होतच राहते. ती व्हावीही, आणि तो अधिकार बिशपांकडे राहायला हरकत नाही.

हरकत आहे ती एका जुन्या सवयीला: धर्मग्राम मोडण्याच्या कागदावरच वास्तूचा आणि पैशाचा निकाल लावायचा. पैशाचे उघड सांगायला हवे, कारण तिथेच खरी मेख आहे. कलम 121 प्रमाणे दोन धर्मग्राम विलीन झाले तर मालमत्ता आणि कर्ज नव्या धर्मग्रामाकडे जाते, म्हणजे माणसांच्या मागे पैसा जातो. कलम 123 प्रमाणे धर्मग्राम विसर्जित झाला तर मालमत्ता वरच्या संस्थेकडे, म्हणजे बहुधा धर्मप्रांताकडे जाते. माणसे तीच असतात, शेजारच्या चर्चमध्ये जातात, पण एका शब्दाने पैशाची दिशा बदलते. 2006 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक खात्याचे प्रमुख कार्डिनल कास्त्रियोन होयोस यांना अमेरिकन बिशपांच्या परिषदेला पत्र लिहून हा घोळ निस्तरावा लागला: माणसे कुठेतरी जाणारच असतील तर ते विलीनीकरण आहे, विसर्जन नाही. ज्या सभासदांनी डॉलर-डॉलर करून दिवाणखान्यासारखे चर्च राखले, त्यांना हा फरक रविवारच्या घोषणेत कुणी समजावून सांगत नाही.

त्यांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे मुदती. बिशपांचा निर्णय कळल्यापासून 10 दिवसांत तो मागे घ्यावा किंवा बदलावा असा लेखी अर्ज आधी त्यांच्याकडेच करायचा. त्यांना उत्तराला 30 दिवस. उत्तर नकाराचे आले किंवा आलेच नाही तर पुढच्या 15 दिवसांत रोमकडे दाद मागायची. त्याच्याही पुढे अपोस्टोलिक सिग्नातुरा हे चर्चचे सर्वोच्च न्यायालय, तिथे वकील लागतो. यात अर्ज कुठे अडकू शकतो? सहीत. ‘चर्च बचाव समिती’ या नावाने दिलेला अर्ज टिकत नाही, कारण कॅनन लॉच्या नजरेत समितीला अस्तित्व नाही; अर्ज सभासदांनी आपापल्या नावाने, एकेकट्याने किंवा मिळून करायचा. दुसरी चूक म्हणजे अर्जात फक्त धर्मग्रामाबद्दल लिहिणे आणि वास्तूबद्दलच्या निर्णयाला हातच न लावणे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये 2012 साली रोमने 13 चर्चेस बंद करण्याचे निर्णय उलटवले ते भावनेवर नव्हे. पद्धत पाळली गेली नव्हती म्हणून. उलट मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएटच्या सभासदांनी 2004 पासून चर्चमध्ये अहोरात्र बैठक मारली, तब्बल साडेअकरा वर्षे, आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हात वर केल्यावर उठले. निष्ठेला तोड नाही, पण निष्ठेने मुदत थांबत नाही.

नागरी कायदा तरी वाचवेल का? न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक कॅथलिक चर्च हे कायद्याने स्वतंत्र महामंडळ असते आणि त्याचे पाच विश्वस्त असतात: आर्चबिशप, त्यांचे प्रतिनिधी धर्मगुरू, त्या चर्चचा धर्मगुरू आणि दोन सामान्य सभासद. पाचात तीन कोण, हे मोजायला गणित लागत नाही. शहराचा 1965 चा वारसा कायदा इमारतीचा बाह्यभाग जपू शकतो, पण प्रार्थनास्थळाच्या आतल्या भागाला संरक्षण देता येत नाही असे त्यातच लिहिले आहे. वेदी, बाके, ऑर्गन, छतावरचे चेहरे सगळे उघड्यावर.

आतल्या वस्तूंचे नियम मात्र चर्चकडे आहेत आणि चांगले आहेत. वास्तूचा वापर बदलला तरी वेदीचे पावित्र्य जात नाही; ती हलवायची, हलत नसेल तर फोडायची, पण हॉटेलातल्या काउंटरसारखी वापरायची नाही. वेदीतले संतांचे अवशेष काढून घ्यायचे. नोंदवह्या सांभाळून नव्या धर्मग्रामाकडे द्यायच्या, आणि हे बारीक काम नव्हे: ज्या चर्चमध्ये स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला तिथल्या वहीच्या समासात त्या माणसाच्या लग्नाचीही नोंद होते, आणि कॅथलिक माणसाला लग्नाच्या वेळी तिथलाच दाखला आणावा लागतो. वही हरवली तर माणूस कागदावर अर्धा पुसला जातो. सेंट ब्रिजिडच्या नव्या खिडक्या कुठून आल्या ते पाहा. हार्लेममधले सेंट थॉमस द अपॉसल हे चर्चही 2003 मध्ये बंद पडले होते. म्युनिकच्या मायर कारखान्यात घडलेल्या त्याच्या काचा काढून इथे बसवल्या. एका बंद चर्चच्या काचा दुसऱ्या उघडलेल्या चर्चमध्ये.

वस्तूंचे हे पुनर्जन्म आपल्याला नवे नाहीत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चेसच्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच, 1721 ची. मोठ्या आवाजाच्या माणसाला मराठीत जिच्या नावाने ओळखतात ती घंटा पोर्तुगीज कॅथलिकांची. घंटा वाजत राहिली, वास्तू किल्ल्यात ढासळत गेल्या.

मुंबईतही हाच घोळ आहे, फक्त त्याची तारीख जुनी. अंधेरीला सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात सेंट जॉन बॅप्टिस्टचे चर्च आहे, जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी 1579 मध्ये बांधलेले. 1840 च्या सुमारास साथ आली, गाव उठले आणि मरोळला गेले. धर्मग्राम मोडला नाही. मरोळला नवे चर्च झाले आणि जुन्या चर्चमधल्या वस्तू तिकडे गेल्या. माणसांचा प्रश्न उत्तम सुटला. भिंती मात्र तिथेच राहिल्या आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न अधांतरी. 1973 मध्ये तिथे सीप्झ उभे राहिले आणि चर्च कुंपणाच्या आत गेले. छत नाही, पिंपळाची मुळे भिंतीत. माझगावच्या जुन्या ग्लोरिया चर्चच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निदान उघड सौदा झाला: जुने पाडले आणि 1913 पर्यंत भायखळ्याला नवे उभे केले. सौदा कुणाला आवडो न आवडो, तो कागदावर होता.

आपल्याकडे एक गोष्ट न्यूयॉर्कपेक्षा बरी आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, किंवा बिगरशेती जमीन 3 वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तर महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावलीही आहे. पण दोन्ही दारे उघडतात ती फार उशिरा, म्हणजे सौदा ठरल्यावर किंवा पाडकाम दिसू लागल्यावर. बांधकाम व्यावसायिकाची नजर ज्या जमिनीवर पडते त्या शहरात वास्तूचा निर्णय धर्मग्रामाच्या निर्णयात दडवणे परवडणारे नाही, मग ते चर्च असो, अग्यारी असो वा ओस पडलेल्या चाळीतले देऊळ.

म्हणून धर्मग्राम एकत्र करण्याच्या घोषणेबरोबरच तीन कागद चर्चच्या दारावर लागावेत: तटस्थ अभियंत्याचा तीन रकान्यांचा अहवाल, मागच्या 5 वर्षांचे जमाखर्च, आणि वास्तूचे पुढे काय याचा स्वतंत्र प्रस्ताव. त्या प्रस्तावात ‘विक्री’ हा एकच पर्याय नसावा. धर्मग्रामाचे नसलेले चर्चही चर्च राहू शकते: सणाची मिस्सा, लग्न, अंत्यविधी, वर्षातून दहा-बारा दिवस. न्यूयॉर्कने 2015 नंतर काही वास्तू अशाच राखल्या. दार उघडे असेल तर पन्हाळ्यात काय तुंबले आहे ते कुणीतरी पाहतो.

2 कोटी डॉलरपैकी 1 कोटी सेंट ब्रिजिडच्या इमारतीला, 20 लाख धर्मग्रामाच्या ठेवीला आणि 80 लाख चर्चशेजारच्या शाळेसह कॅथलिक शाळांना, अशी वाटणी होती. ती शेजारची शाळा 2019 मध्ये बंद झाली. 2023 मध्ये तिच्या इमारतीत शहराने स्थलांतरितांसाठी केंद्र चालवले. निवाऱ्याची मुदत संपलेले लोक नव्या जागेसाठी थंडीत तिथे रांगेत उभे राहत. रांग ज्या कोपऱ्यावरून वळे, तिथून चर्चची ती पूर्वेची भिंत फार लांब नाही.